मन चिंती ते वैरी न चिंती

शाळेची वेळ झाली की मुलाचे पोट दुखू लागते. घरात अशा वेळी बहुधा दोनच निदाने होतात : हे ढोंग असावे, नाही तर एखादा भयंकर रोग असावा. या दोन टोकांमधील वाट वैद्यकालाही सावकाशच सापडली.

१९५८ साली इंग्लंडमधील बालरोगतज्ज्ञ जॉन ॲप्ली व त्यांच्या सहकारी नोरा नेश यांनी १,००० शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. दर दहांपैकी सुमारे एका मुलास वरचेवर पोटदुखी होती. अशा मुलांच्या घरांतही दुखण्यांच्या तक्रारी अधिक आढळल्या. पुढे १९६५ मध्ये मेल्झॅक व वॉल यांनी असा सिद्धान्त मांडला की, वेदनेच्या संदेशास पृष्ठरज्जूत जणू एक द्वार असते, आणि मेंदूकडून येणारे संदेशही ते उघडतात वा मिटतात. म्हणजे भयाने वाढलेली वेदनाही खरीच वेदना होय.

१९९५ मध्ये कॅनडातील मायकेल सलिव्हन व सहकाऱ्यांनी हे अनर्थचिंतन मोजण्यासाठी १३ विधानांची प्रश्नावली रचली. बेल्जममधील गेंटच्या संशोधकांनी ती २००३ मध्ये मुलांसाठी आणि २००६ मध्ये पालकांसाठी योजिली. मुलाच्या वेदनेची तीव्रता जमेस धरूनही, पालकांच्या अनर्थचिंतनाचा संबंध मुलाच्या पंगुतेशी व शाळेतील हजेरीशी दिसून आला.

यात आईबापांस दोषी ठरविण्याचे कारण नाही. लेकराचे दीर्घ दुखणे पाहून कोण भिणार नाही? मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, वैद्याकडून तपासणीही करवावी; मात्र घरातील कारभार भयाच्या हाती देऊ नये.