नैनिताल: तळे, उतार आणि नाले

उत्तराखंडातील कुमाऊँ प्रदेशात, समुद्रसपाटीपासून सुमारे १,९४० मीटर उंचीवर वसलेले नैनिताल पर्यटकांना तळ्यामुळे परिचित असले, तरी त्या तळ्याकाठी शहर टिकले ते भोवतालच्या ठिसूळ डोंगरांशी चाललेल्या अखंड झुंजीमुळे, आणि ही झुंज त्याच्या इतिहासात मध्यवर्ती मानली पाहिजे.

स्कंदपुराणाच्या मानसखंडात या तळ्याचा उल्लेख अत्री, पुलस्त्य व पुलह यांच्याशी जोडलेले ‘त्रिऋषिसरोवर’ म्हणून येतो, तर देवीभक्तांच्या श्रद्धेनुसार सतीचा नेत्र येथे पडला. आसपासच्या गावांतील लोक येथे देवदर्शनाला आणि गुरे चारायला येत. १८१५ मध्ये कुमाऊँ कंपनी सरकारच्या ताब्यात गेल्यानंतरही, १८३९ साली शहाजहानपूरचा साखर व्यापारी पी. बॅरन तेथे पोहोचेपर्यंत, तळ्याकाठी युरोपीय वस्ती झाली नव्हती. बॅरनने वर्तमानपत्रांतून या स्थळाची प्रसिद्धी केली. तळ्यावर हक्क सांगणारा थोकदार, म्हणजे अनेक गावांवरचा वंशपरंपरागत प्रमुख, नूरसिंह याला होडीत बसवून भर तळ्यात नेऊन, बुडवण्याचा धाक घालत त्याच्याकडून हक्कसोड लिहून घेतल्याची हकिकत बॅरनने स्वतःच छापली. तो ती फुशारकीने सांगतो. आजच्या वाचकाला मात्र तीत स्थानिकांच्या हक्कांची वासलात कशी लागली हेच प्रथम दिसते.

पुढची वाढ झपाट्याने झाली. १८४५ मध्ये नगरसमिती आली, १८६२ पासून वायव्य प्रांताचे सरकार उन्हाळ्यात येथे येऊ लागले आणि १८८४ मध्ये रेल्वे डोंगरपायथ्याच्या काठगोदामपर्यंत पोहोचली. तळ्याच्या वरच्या टोकाला मल्लीताल व खालच्या टोकाला तल्लीताल अशा दोन वस्त्या वाढल्या आणि त्यांना जोडणारा मॉल रोड शहराचा मुख्य रस्ता ठरला.

ही सारी बांधकामे ज्या उतारांवर उभी राहत होती, त्यांच्या पोटात मात्र भेगाळलेला, पाटीसारख्या पापुद्र्यांचा खडक होता. अशा खडकात पावसाचे पाणी मुरले की थर एकमेकांवरून घसरतात, आणि झाडे तोडून घरांसाठी उतार खोदला गेला की आधार आणखी कमी होतो. १८६७ च्या सुमारास झालेल्या घसरणीने याची सूचना दिली होती. १८ सप्टेंबर १८८० रोजी, सलग पावसानंतर, उत्तर टोकाजवळ सकाळी एक दरड कोसळली, आणि गाडलेल्यांना बाहेर काढण्याचे काम चालू असतानाच दुपारी उताराचा मोठा भाग खाली आला. व्हिक्टोरिया हॉटेल, नैनादेवीचे मंदिर व सभागृह नाहीसे झाले आणि १५१ माणसे दगावली. राडारोड्याने तळ्याचा काठ पुढे सरकला; आज ‘फ्लॅट्स’ म्हणून ओळखले जाणारे मैदान या भरावाने विस्तारले, आणि मंदिरही पुढे तळ्याकाठीच नव्याने उभारले गेले.

या आघातानंतर शहराने जे केले त्याला त्याच्या प्रसिद्ध इमारतींपेक्षा अधिक मान मिळायला हवा. उतारावरचे पाणी जमिनीत मुरू न देता लगेच वाहून न्यावे, या तत्त्वावर दगडी बांधणीच्या साठहून अधिक नाल्यांचे जाळे उभारले गेले. आडवे नाले पाणी अडवून उभ्या नाल्यांत सोडत आणि ते तळ्यात उतरे, तर तळ्याचे जादा पाणी तल्लीतालच्या दरवाज्यांतून बलिया नाल्यात जाई. बांधकामावरही निर्बंध आले. शेर का डांडा कड्यावरचे राज्यपालांचे निवासस्थानदेखील जमीन खचू लागल्याने सोडावे लागले, आणि १८९७ ते १९०० दरम्यान दुसऱ्या जागी नवे राजभवन बांधले गेले, ज्याचा आराखडा मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांचा मानला जातो.

स्वातंत्र्योत्तर काळात, विशेषतः वाहने आणि हॉटेले वाढल्यावर, नाल्यांवर अतिक्रमणे झाली व त्यांतून पावसाच्या पाण्यासोबत कचरा आणि सांडपाणीही तळ्यात जाऊ लागले. १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमजली बांधकामांना पायबंद घातला. खोल पाण्यातला प्राणवायू संपत चालल्याने २००७ पासून तळ्यात यंत्रांनी हवा सोडली जाऊ लागली, आणि २०१८ च्या पावसाळ्यात खालच्या मॉल रोडचा एक तुकडा खचून तळ्यात गेला.