अकिलीज ते दिल्ली : एका क्रूझरची दोन आयुष्ये

धार-देवासच्या वाचकापुढे समुद्रावरच्या जहाजाचा इतिहास मांडायचा म्हणजे थोडा संकोच वाटतो. आपल्या घराघरांत सांगितला जातो तो इतिहास घोड्यांचा आणि घाटांचा. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्याला चिमाजी अप्पांनी गिरधरबहादूर आणि दयाबहादूर यांचा पराभव केला, उदाजी पवार त्या मोहिमेत होते, आणि माळव्याचे दार मराठ्यांना उघडले, हे आपल्याला ठाऊक असते. धारचे यशवंतराव पवार पानिपतावर पडले, हेही ठाऊक असते. या साऱ्या आठवणींत खारे पाणी कुठेच नाही.

पण मांडूच्या रूपमती मंडपात उभे राहून दक्षिणेकडे पाहिले, तर हवा स्वच्छ असताना नर्मदेची रेघ दिसते. ती नदी भरूचच्या खाली खंभातच्या आखातात शिरते आणि त्या आखाताच्या पलीकडे, सौराष्ट्राच्या दक्षिण टोकाला दीव आहे. १८ डिसेंबर १९६१ रोजी त्या दीवसमोर भारतीय नौदलाची 'दिल्ली' ही क्रूझर उभी होती. हेच जहाज बरोबर बावीस वर्षांपूर्वी, 'अकिलीज' या नावाने, दक्षिण अटलांटिक महासागरात एका जर्मन युद्धनौकेशी झुंजले होते. तेव्हा त्यावर ब्रिटनच्या आरमाराचा ध्वज होता. एका राजसत्तेसाठी बांधलेले आणि तिच्यासाठी लढलेले जहाज स्वतंत्र देशाच्या हाती आले, तर त्याचा आधीचा इतिहास आपला मानायचा की परका? आजचा विषय हा आहे.

आधी आपल्याकडची एक उणीव मान्य करू. अमझेऱ्यानंतर अकरा वर्षांनी, १७३९च्या मे महिन्यात, त्याच चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली. मल्हारराव होळकर आणि राणोजी शिंदे हे माळव्यातले सरदार त्या वेढ्यात होते. तटाखाली सुरुंग लावून, माणसांची मोठी किंमत मोजून, तो किल्ला जमिनीच्या बाजूने जिंकला गेला. शरण आलेले पोर्तुगीज मात्र समुद्रमार्गे निघून गेले. गोवा, दमण आणि दीव त्यांच्याकडे राहिले. पुढे १७५६मध्ये तर पेशव्यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गात आंग्र्यांचे आरमार जळून गेले. मराठ्यांचे घोडे अटकेपर्यंत गेले, पण किनाऱ्यापासून दूरच्या पाण्यावर लढू शकेल असे आरमार काही उभे राहिले नाही. दीव सव्वाचारशे वर्षे पोर्तुगीजांकडे टिकले, त्याचे एक मोठे कारण हेच.

आता जहाजाकडे वळू. अकिलीज ही लिअँडर वर्गातली हलकी क्रूझर. इंग्लंडमधल्या बर्कनहेड येथील कॅमल लेअर्ड यांच्या गोदीत ती बांधली गेली आणि १ सप्टेंबर १९३२ रोजी पाण्यात उतरली. वजन सुमारे सात हजार टन, वेग साडेबत्तीस नॉट, आणि चार फिरत्या बुरुजांत प्रत्येकी दोन अशा सहा इंची आठ तोफा. क्रूझरचे मुख्य काम समोरासमोरची मोठी लढाई करणे हे नव्हते. लांबच्या सागरी वाटांवर फिरत राहणे, आपली व्यापारी जहाजे सांभाळणे आणि शत्रूची हुडकणे, यासाठी ती असे. साम्राज्य जगभर पसरलेले असल्याने ब्रिटनला अशा पुष्कळ जहाजांची गरज होती. त्यांपैकी अकिलीज न्यूझीलंडच्या नौदल तुकडीकडे दिली गेली आणि तिच्यावरचे निम्म्याहून अधिक खलाशी न्यूझीलंडचे होते.

१९३९चे युद्ध सुरू झाले तेव्हा 'अॅडमिरल ग्राफ श्पे' ही जर्मन युद्धनौका आधीच अटलांटिकमध्ये पोहोचली होती. तिच्यावर अकरा इंची सहा तोफा होत्या. तिने नऊ व्यापारी जहाजे बुडवली, एकूण पन्नास हजार टनांची. पण तिचा कप्तान हान्स लांग्सडॉर्फ याने त्या नऊ जहाजांवरच्या एकाही माणसाचा जीव जाऊ दिला नाही. युद्धकथा सांगताना शत्रूचा हा गुण गाळू नये.

दक्षिण अमेरिकेतल्या प्लेट नदीच्या मुखाजवळून धान्याची आणि मांसाची जहाजे ब्रिटनकडे जात. ग्राफ श्पे तिथे येईल, हा कमोडोर हेन्री हारवूड यांचा अंदाज १३ डिसेंबरच्या पहाटे खरा ठरला. त्यांच्याजवळ तीन क्रूझर होत्या : एक्सेटर, एजॅक्स आणि अकिलीज. ताकदीचा फरक आकड्यांत पाहा. ग्राफ श्पेच्या एका तोफगोळ्याचे वजन सुमारे तीनशे किलो, अकिलीजच्या गोळ्याचे सुमारे पन्नास. शिवाय जर्मन तोफांचा पल्ला लांबचा. एकत्र राहून लढले असते तर तिन्ही जहाजे एकामागून एक टिपली गेली असती. म्हणून हारवूडनी त्यांची विभागणी केली. एक्सेटर एका बाजूने गेली, एजॅक्स आणि अकिलीज दुसऱ्या बाजूने. तोफा कुणावर रोखायच्या, हा पेच शत्रूपुढे टाकायचा, एवढीच ती युक्ती. गनिमी काव्याच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला ती ओळखीची वाटेल.

लढाई सुमारे दीड तास चालली. एक्सेटरवर सर्वांत जास्त मारा झाला. तिच्यावरची ६१ माणसे गेली आणि तिच्या तोफा बंद पडल्या. एजॅक्सवर सात जण गेले. अकिलीजच्या जवळ फुटलेल्या गोळ्याचे तुकडे तोफांचा नेम ठरवणाऱ्या कक्षात घुसले. चार जण ठार झाले आणि जहाजाचे कप्तान विल्यम एडवर्ड पॅरी यांच्या पायांना जखमा झाल्या. जहाज तरीही लढत राहिले. पॅरी हे नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे.

ग्राफ श्पेवर ३६ माणसे गेली होती आणि लांबच्या परतीच्या प्रवासाला लागणारी तिची यंत्रणाही बिघडली होती. ती माँटेव्हिडिओ बंदरात शिरली. उरुग्वे तटस्थ देश असल्याने तिथे फार दिवस थांबता येईना. बाहेर ब्रिटिशांचे मोठे आरमार जमले आहे, अशी आवई इंग्रजांनी उठवली. प्रत्यक्षात एजॅक्स आणि अकिलीजच्या मदतीला कंबरलँड ही एकच ताजी क्रूझर आली होती. लांग्सडॉर्फ यांनी १७ डिसेंबरला आपले जहाज बंदराबाहेर नेऊन स्वतःच बुडवले. खलाशांचे प्राण वाचवले आणि दोन-तीन दिवसांनी स्वतःवर गोळी झाडून घेतली.

अकिलीजचे पुढचे युद्ध प्रशांत महासागरात गेले. ५ जानेवारी १९४३ रोजी सॉलोमन बेटांच्या भागात जपानी विमानाचा बाँब तिच्या मागच्या बाजूच्या एका बुरुजावर पडला आणि तेरा जण ठार झाले. दुरुस्तीसाठी ती इंग्लंडला गेली तेव्हा तो बुरूज काढून तिथे विमानविरोधी तोफा बसवल्या गेल्या. म्हणून भारताकडे आलेल्या जहाजावर सहा इंची तोफा आठ नव्हत्या, सहाच होत्या. त्या युद्धाची खूण जहाजाने शेवटपर्यंत अंगावर वागवली.

युद्ध संपले तेव्हा आपल्याकडे काय होते? रॉयल इंडियन नेव्हीकडे एकही क्रूझर नव्हती. होती ती स्लूप नावाची लहान जहाजे. त्यांत एकाचे नाव 'नर्बदा', म्हणजे आपली नर्मदा. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरच्या मोहिमेत तिने काम केले होते. फाळणीत जहाजांचीही वाटणी झाली. सतलज, जमना, कृष्णा आणि कावेरी भारताकडे राहिल्या. नर्बदा पाकिस्तानकडे गेली आणि तिचे नाव 'झेलम' झाले.

वाटणीच्या दीड वर्ष आधी आणखी एक गोष्ट घडली होती. १८ फेब्रुवारी १९४६ रोजी मुंबईत 'तलवार' या नौदल केंद्रावरच्या खलाशांनी संप पुकारला. निकृष्ट अन्न, अपमानास्पद वागणूक आणि गोऱ्यांच्या तुलनेत कमी वेतन ही कारणे होतीच, पण मागणीला लगेच स्वातंत्र्याचा रंग चढला. सुमारे वीस हजार खलाशी त्यात उतरले. लालबाग-परळचे गिरणी कामगार त्यांच्यासाठी रस्त्यावर आले. गोळीबारात दोनशेहून अधिक नागरिक मेले, त्यांत परळच्या कमल दोंदे होत्या. संप मोडायला सरकारने 'ग्लासगो' ही क्रूझर त्रिंकोमालीहून मुंबईकडे पाठवली. क्रूझर म्हणजे काय, हे मुंबईच्या खलाशांना त्या आठवड्यात अशा रीतीने कळले.

त्यानंतर अवघ्या अडीच वर्षांनी, सप्टेंबर १९४८मध्ये, त्याच मुंबई बंदरात एक क्रूझर आली ती आपली म्हणून. ५ जुलै १९४८ रोजी अकिलीजचे नाव 'दिल्ली' झाले होते. तिचे पहिले कप्तान इंग्रज होते आणि त्यांच्या हाताखालचे मुख्य अधिकारी होते कमांडर रामदास कटारी. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये भारतीय नौदलाचे सरसेनापती म्हणून जे व्हाइस अॅडमिरल आले ते सर एडवर्ड पॅरी, म्हणजे प्लेट नदीच्या लढाईत याच जहाजावर जखमी झालेले कप्तान. नऊ वर्षांनी ते पुन्हा आपल्या जुन्या जहाजाशी जोडले गेले, पण या वेळी दुसऱ्या देशाच्या सेवेत.

यात अवघडलेपण होते आणि ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. स्वतंत्र भारताच्या भूदलाला १९४९मध्ये भारतीय सरसेनापती मिळाले, वायुदलाला १९५४मध्ये. नौदलाला मात्र एप्रिल १९५८पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी पद स्वीकारणारे अधिकारी होते कटारी. मोठे जहाज चालवण्याचा, ताफा हाताळण्याचा अनुभव काही महिन्यांत येत नाही. इंग्रजांनी तो भारतीयांना मिळू दिला नव्हता, म्हणून तो इंग्रजांकडूनच शिकावा लागला. त्या शिकण्याची शाळा म्हणजे दिल्ली. जून १९५०मध्ये पंडित नेहरू इंडोनेशियाला गेले ते याच जहाजातून. १९५६च्या प्लेट नदीच्या लढाईवरच्या इंग्रजी चित्रपटात अकिलीजची भूमिका तिने स्वतःच केली.

पण दुसरीकडे, १९४६च्या संपात ज्यांना काढून टाकले, ते खलाशी स्वतंत्र भारताच्या नौदलात परत घेतले गेले नाहीत. जुन्या राज्याचे जहाज आपण घेतले आणि त्याचा कप्तानही मानाने बोलावला. त्या राज्याविरुद्ध उभे राहिलेल्यांना मात्र दार बंद राहिले. शिस्तीचे कारण सांगितले गेले, आणि ते अगदीच पोकळ होते असेही म्हणता येत नाही. तरी ही बाजू हिशेबात धरल्याशिवाय दिल्लीची गोष्ट पुरी होत नाही.

१९६१च्या डिसेंबरात शिकण्याची परीक्षा झाली. गोवा, दमण आणि दीव मुक्त करण्याच्या मोहिमेत 'मैसूर' ही दुसरी क्रूझर, पूर्वीची ब्रिटिश 'नायजेरिया', अंजदीव बेटाकडे गेली. तिथे आपले सात नौसैनिक कामी आले. दीवसमोर कॅप्टन एन. कृष्णन यांच्या हुकमतीखाली दिल्ली होती. १८ डिसेंबरला तिच्या तोफांनी किल्ल्यावर मारा केला आणि दुसऱ्या दिवशी दीव शरण आले. तोफा त्याच होत्या. हुकूम देणारे, नेम धरणारे आणि गोळे भरणारे सगळे भारतीय होते. वसईच्या वेळी समुद्राची जी बाजू आपल्याला बंद करता आली नव्हती, ती २२२ वर्षांनी बंद झाली.

३० जून १९७८ रोजी दिल्ली सेवेतून निवृत्त झाली आणि पुढे मोडीत निघाली. तिचा एक तोफबुरूज भारत सरकारने न्यूझीलंडला भेट दिला. ऑकलंडच्या डेव्हनपोर्ट नौदल तळावर तो आजही उभा आहे, कारण अकिलीजवर त्यांची मुले लढली होती आणि मेली होती. त्यांनी लोखंड जपले, आपल्याकडे शिकलेली माणसे राहिली आणि त्यांनी पुढची पिढी घडवली.

मग पहिल्या प्रश्नाचे उत्तर काय? वाचकहो, वारसा निवडून घेता येत नाही, असे मला वाटते. प्लेट नदीवरची ती सकाळ आपली नाही, पण त्या सकाळी कमावलेले कसब आपल्या कामी आले, तेव्हा त्याचे ऋण मान्य करावे. ते ऋण मानणाऱ्याने 'तलवार'वरच्या खलाशांचेही मानावे, कारण दिल्लीवर कुणाचा ध्वज असावा हा प्रश्न आधी त्यांनी विचारला होता. माळव्यात बसूनही हा इतिहास वाचायचा तो एवढ्यासाठी, की आपल्या अंगणातली नर्मदा शेवटी त्याच समुद्राला मिळते.