क्लिप (किनाऱ्यावरील गळमासेमारीतील)

क्लिप म्हणजे दोरीच्या शेवटी प्लग (माशासारखे कृत्रिम आमिष), आमिषाचा गळ किंवा शिसे झटकन अडकवण्या-काढण्यासाठी लावलेला, वाकवलेल्या तारेचा छोटा दुवा. रात्री कमरेइतक्या पाण्यात उभे असताना, थंडीने बोटे आखडलेली असताना प्लग बदलायचा तर गाठ तोडून नवी बांधणे जिकिरीचे होते. क्लिपमुळे ते काम काही सेकंदांत उरकते. लहान माशांसाठी जवळपास कोणतीही क्लिप चालते. मासा दहा-पंधरा किलोंच्या पुढचा असेल, तर साऱ्या जोडणीत सर्वांत आधी संशय घ्यावा असा भाग हाच. या नोंदीत मुख्यतः अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील स्ट्राइप्ड बास या माशाच्या गळमासेमारीचा विचार केला आहे.

लाँग आयलंडच्या पूर्व टोकावरचे माँटॉक, मॅसॅच्युसेट्समधील केप कॉड आणि ऱ्होड आयलंडचा खडकाळ किनारा ही या मासेमारीची नावाजलेली ठिकाणे. चेसापीक उपसागर आणि हडसन नदी या भागांत जन्मलेला हा मासा वसंतात उत्तरेकडे सरकतो व शरदात परततो. १९८२ साली अटलांटिक सिटीच्या धक्क्यावरून धरलेला ७८ पौंड ८ औंसांचा (सुमारे ३५.६ किलो) मासा जवळजवळ तीन दशके जागतिक विक्रम होता, २०११ साली लाँग आयलंड साउंडमध्ये होडीतून धरलेल्या ८१.८८ पौंडांच्या माशाने तो मोडला. पन्नास पौंडांचा मासा किनाऱ्यावरून मिळणे ही गळवाल्याची आयुष्यभराची कमाई असते, आणि असा मासा तारेच्या चिमुकल्या तुकड्यापायी सुटला तर ते दुःख वर्षानुवर्षे जात नाही.

क्लिपांचे चार प्रकार प्रचारात आहेत. सेफ्टी पिनच्या धर्तीच्या साध्या क्लिपेत तारेचे टोक पातळ पत्र्याच्या खाचेत बसते. पत्रा वाकला की टोक निसटते, म्हणून मोठ्या माशांसाठी ती बाद समजावी. ड्युओ-लॉक एकाच तारेची असून तिची दोन्ही टोके उघडतात. कोस्टलॉकमध्ये टोकाचा आकडा तारेच्या दुसऱ्या भुजेला वेढून बसतो, त्यामुळे सरळ ताण आला तर पकड उलट घट्ट होते. चौथ्या प्रकाराला उघडझाप करणारे दार नसतेच. गुंडाळलेल्या तारेच्या वळणांतून प्लगची कडी सरकवत आत न्यायची आणि त्याच वाटेने बाहेर काढायची; पॉवर क्लिप व ब्रेकअवे क्लिप या नावांनी हा प्रकार ओळखला जातो. मोठ्या बाससाठी हाच सर्वांत भरवशाचा म्हणता येईल, कारण ज्यातून कडी निसटेल असे दारच त्यात नाही.

पाकिटावर ५० किंवा ७५ पौंड असा आकडा छापलेला असतो. तो पाहून निश्चिंत होणाऱ्यांची संख्या मोठी आहे, पण हा आकडा सरळ रेषेत, सावकाश दिलेल्या ताणाचा असतो. तीस पौंडांच्या विणलेल्या दोरीवर रिळाचा ड्रॅग साधारणपणे दोरीच्या ताकदीच्या चौथा ते तिसरा हिस्सा, म्हणजे साडेसात ते दहा पौंडांवर ठेवतात. त्यापेक्षा जास्त ओढ लागली की रीळ दोरी सोडू लागते. या हिशेबाने ७५ पौंडांची क्लिप गरजेच्या साडेसात ते दहा पट बळकट ठरते. तरीही क्लिपा दगा देतात. याचे कारण असे की क्लिप क्वचितच तुटते; बहुतेक वेळा ती उघडते.

उघडण्यामागे असते ती आडवी ओढ. अठरा सेंटीमीटरच्या लाकडी प्लगला दोन किंवा तीन त्रिशूळी गळ असतात. एक गळ जबड्यात आणि दुसरा गालफडात रुतला की मासा डोके झटकताना अख्खा प्लग तरफेचे काम करतो. प्लगची कडी क्लिपेच्या गोलाईवरून घसरून दाराच्या बाजूला जाते आणि बळ नको तिथे पडते. ताण ढिला पडून पुन्हा अचानक बसला तरी हाच प्रकार होतो. फेसाळ लाटांमध्ये मासा लाटेबरोबर गळवाल्याकडे येतो, दोरी लोंबते, आणि परतीच्या पाण्याने ती क्षणात पुन्हा ताणली जाते. नायलॉनची जुनी दोरी, म्हणजे आपल्याकडचे तंगूस, ताणून असे हिसके गिळत असे. विणलेली दोरी जवळजवळ ताणतच नाही, त्यामुळे सारा हिसका गाठीवर आणि क्लिपेवर येतो.

तारेच्या जाडीचा परिणाम इथे अनपेक्षित मोठा आहे. गोल तारेची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे बदलते आणि ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताप्रमाणे. एक मिलिमीटरऐवजी ०.८ मिलिमीटरची तार घेतली की ताकद निम्म्यावर येते आणि ताठरपणा सुमारे ४१ टक्के उरतो. नुसत्या नजरेला मात्र दोन्ही क्लिपा सारख्याच वाटतात.

सर्वांत धोक्याची वेळ शेवटच्या काही मीटरांची. मासा खडकापाशी आला की गळवाला पुढची जाड दोरी, म्हणजे लीडर, हातात धरतो; त्या क्षणापासून ड्रॅगचे संरक्षण संपते. लाट मागे सरली की माशाचे पाण्याने पेललेले वजन दोरीवर येते, आणि मासा वळवळला की त्यात पीळही मिसळतो. लीडर धरून मोठा मासा खडकावर उचलणे हा क्लिपेवरचा अत्याचारच म्हणावा लागेल. पुढच्या लाटेवर त्याला वाळूकडे सरकवत आणणे किंवा खालच्या जबड्याला हात घालणे हेच योग्य.

धातूचा प्रश्न वेगळाच आहे. पितळेवर किंवा साध्या पोलादावर मुलामा दिलेल्या क्लिपा खाऱ्या पाण्यात लवकर गंजतात. स्टेनलेस पोलादही अभेद्य नाही. मिठाचे पाणी अरुंद फटीत साचून राहते, तिथे ऑक्सिजन कमी पडतो, संरक्षक थर पुन्हा जमत नाही आणि बाहेरून चकचकीत दिसणारी तार वळणाच्या आत खाल्ली जाते. दार असलेल्या क्लिपेत थकव्याचीही भर पडते. एकाच जागी वारंवार वाकवलेली तार आधी कडक होते, मग ठिसूळ. म्हणून रात्रभर प्लग बदलणाऱ्याची क्लिप एकच प्लग वापरणाऱ्याच्या क्लिपेपेक्षा लवकर निकामी होते.

सर्वांत जाड क्लिप लावावी, हेही उत्तर नाही. पाण्याखाली डोलणाऱ्या हलक्या प्लगच्या नाकावर जड तार आली की त्याची चाल बिघडते, आणि बिघडलेल्या चालीच्या प्लगला मोठा मासा तोंड लावत नाही.

ब्रिटनमध्ये क्लिपेची कामे निराळी. तिथे शिसे लांब फेकून तळाशी आमिष ठेवतात. शिशाच्या दर औंसाला दहा पौंड या प्रमाणात जाड पुढची दोरी लावण्याचा दंडक आहे, म्हणजे सहा औंसांना साठ पौंड. शिसे जोडणारी क्लिपही तितकीच भक्कम हवी, कारण फेकताना सुटलेले शिसे किनाऱ्यावरच्या माणसाचा जीव घेऊ शकते. त्याच जोडणीतली आमिषाची क्लिप मात्र पाण्यावर आपटताच गळ सोडून देण्यासाठी बनवलेली असते. खडकाळ तळावर शिशाला मुद्दाम कमकुवत दोरीचा दुवा देतात, म्हणजे शिसे अडकले तर तेवढेच तुटते आणि मासा हाती येतो. आमिषाची क्लिप आणि हा दुवा या दोन्हींचा भरवसा योग्य वेळी सुटण्यात आहे.

स्ट्राइप्ड बासच्या बाबतीत क्लिपेच्या भरवशाला आज आणखी एक वजन आहे. संख्या घटल्यामुळे अटलांटिक किनाऱ्यावर हौशी मासेमारीसाठी २०२० पासून २८ ते ३५ इंचांचाच मासा ठेवण्याची मुभा राहिली, आणि २०२३ मध्ये वरची मर्यादा ३१ इंचांवर आणली गेली. त्यामुळे मोठी, भरपूर अंडी देणारी मादी सोडावीच लागते. क्लिप उघडून ती निसटली, तर तोंडात दोन-तीन त्रिशूळी गळांचा प्लग घेऊन जाते. हातात येऊन गळ काढून सोडलेल्या माशाची आणि तिची अवस्था सारखी नसते. गळांचे काटे पक्कडीने दाबून सपाट करणाऱ्यांची गाठ किंवा क्लिप सुटली तरी प्लग गळून पडण्याची शक्यता बरीच वाढते.

प्लग थेट लीडरला बांधणारेही अनेक आहेत. त्यात क्लिपेचा धोका जातो, पण दर बदलाला लीडर आखूड होतो आणि घाईत, अंधारात बांधलेली गाठ क्लिपेहून कच्ची ठरू शकते. क्लिप वापरायची तर प्रत्येक मोठ्या माशानंतर अंगठ्याच्या नखाने आकड्याची पकड चाचपावी, बंद क्लिपेतील फट पूर्वीपेक्षा रुंदावली आहे का पाहावे, घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन वाळवावी. तार जराशी वाकलेली दिसली तर ती पक्कडीने सरळ करून पुन्हा वापरू नये. सरळ केलेली तार त्याच जागी आधीपेक्षा लवकर दगा देते.