इंग्रजीचा सराव, मराठी भाषकांचा (आर. के. पुरम, नवी दिल्ली)

इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्याने तिचे व्याकरण, शब्दसंग्रह आणि उताऱ्याचे आकलन या तीन अंगांचा केलेला नियमित अभ्यास. वर्गात ही तीन अंगे वेगवेगळ्या तासांना शिकवली जातात. घरी मात्र ती एकाच वहीत आणि बहुतेक वेळा परीक्षेच्या आदल्या महिन्यात एकत्र येतात. प्रस्तुत नोंद दिल्लीतील सरकारी वसाहतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांपुरती आहे, कारण महाराष्ट्रातल्या वर्गात न जाणवणाऱ्या काही अडचणी तिथे उघड्या पडतात.

आर. के. पुरम ही रिंग रोडच्या दक्षिणेला, क्रमांकांच्या सेक्टरांत विभागलेली केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची वसाहत. क्वार्टरचा ‘टाइप’ सांगितला की नोकरीतील पायरी कळते. कुटुंबे बदलीवर येतात आणि बदलीवर जातात. येथील सेक्टर 2, 4 आणि 8 मध्ये केंद्रीय विद्यालये आहेत. बदली होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या मुलांना त्यांत प्रवेशाचे प्राधान्य असते. साहजिकच सोलापूर किंवा नागपूरच्या मराठी माध्यमाच्या शाळेतून आलेले मूल वर्षाच्या मध्येही इथल्या वर्गात येऊन बसते. ‘दिल्लीला आलो आणि इंग्रजी कठीण झाली,’ अशी पालकांची तक्रार असते. अभ्यासक्रमातला फरक हे तिचे एक कारण. दुसरे, माझ्या मते मोठे, कारण म्हणजे आधाराची भाषा बदलते. सोलापूरला बाई इंग्रजी वाक्याचा अर्थ मराठीत सांगत, इथे तो हिंदीत सांगितला जातो. तीन भाषांच्या मध्ये बसलेल्या मुलाची चूक मग कोणत्या भाषेतून आली हे शोधावे लागते.

मराठी माणसाने इंग्रजी शिकावी ती भाषांतरातून, ही परंपरा जुनी आहे. द्वारकानाथ राघोबा तर्खडकरांच्या ‘भाषांतर पाठमाले’वर पिढ्याच्या पिढ्या वाढल्या: मराठी वाक्याचे इंग्रजी, इंग्रजी वाक्याचे मराठी, सोप्याकडून अवघडाकडे. या तर्खडकरांची आणि 1836 मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणाऱ्या दादोबा पांडुरंग तर्खडकरांची अनेकदा गल्लत केली जाते. गल्लतीतही एक गंमत आहे. दादोबांनी मराठी व्याकरण लिहिताना इंग्रजी व्याकरणाची धर्ती समोर ठेवली होती आणि मेजर टॉमस कँडींच्या प्रयत्नाने मराठीत इंग्रजी पद्धतीची विरामचिन्हे रुळली. त्यामुळे ज्या मुलाला मराठीतल्या आठ शब्दजाती नीट येतात त्याला इंग्रजी ग्रामरचा सांगाडा अर्धा आधीच माहीत असतो. हे त्याला कुणी सांगत नाही, एवढेच.

इंग्रजीतून इंग्रजी शिकवणारे ‘हायस्कूल इंग्लिश ग्रामर अँड कॉम्पोझिशन’ हे पी. सी. रेन आणि एच. मार्टिन यांचे पुस्तक 1930 च्या दशकातले. ते आधी मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशनाकडून निघाले, आज दिल्लीच्या एस. चंदकडून निघते. रेन हे मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात काम केलेले गृहस्थ आणि ‘बो जेस्ट’ (1924) या साहसी कादंबरीचे लेखक. त्यांच्या व्याकरणाची उदाहरणे मात्र कादंबरीकाराने लिहिली असतील असे वाटत नाही.

आता अडचणींकडे. मराठीतला ‘ने’ घ्या: बसने आलो, चाकूने कापले, रागाने बोलला, त्याने आंबा खाल्ला. चार ठिकाणी एकच प्रत्यय. इंग्रजीत पहिल्याला ‘बाय’, दुसऱ्याला ‘विथ’, तिसऱ्याला ‘इन’, आणि चौथ्याला काहीच नाही. वसाहतीत हिंदी बोलू लागलेले मूल यातला चौथा ‘ने’ वेगळा काढायला शिकते, पण उरलेल्या तिघांना हिंदीत एकच ‘से’ लागतो आणि तोच ‘से’ दिल्लीहून येण्यालाही, आईशी बोलण्यालाही चालतो. म्हणजे एक गाठ सुटते, दुसरी घट्ट होते. ‘प्रेपोझिशन पाठ कर’ हा सल्ला इथे निरुपयोगी ठरतो. प्रेपोझिशन एकटे पाठ न करता क्रियापदासकट, नामासकट वहीत उतरवावे लागते: ‘मॅरीड टु’, ‘अफ्रेड ऑफ’, ‘गुड अ‍ॅट’. ‘डिस्कस’च्या पुढे ‘अबाउट’ येत नाही, हेही असेच लिहून ठेवावे लागते, कारण मराठीत चर्चा नेहमी ‘विषयी’ होते.

‘पासून’ ही आणखी एक पक्की चूक. परीक्षेत ‘चूक शोधा’ प्रकारचा प्रश्न असतो. समजा वाक्य आले, ‘अवर नेबर हॅज लिव्ह्ड इन धिस क्वार्टर सिन्स टेन इयर्स.’ मराठी कानाला त्यात काही खटकत नाही: दहा वर्षांपासून राहतात. हिंदी कानालाही नाही: दस साल से. इंग्रजीला मात्र इथे ‘फॉर’ हवा. ‘सिन्स’ ठरावीक वेळेपुढे, म्हणजे ‘सिन्स 2015’. दोन्ही आधारभाषा एकाच चुकीकडे ढकलतात तिथे नियम वाचून भागत नाही, सातआठ स्वतःची वाक्ये लिहावी लागतात, आणि ती घरातलीच असावीत: बाबांची बदली, बंद पडलेला कूलर, शेजारच्यांचा मुक्काम.

सर्वांत जास्त गुण जातात ते डायरेक्ट-इनडायरेक्टमध्ये. ‘आई म्हणाली की मी उद्या नाशिकला जाते.’ मराठीत हे वाक्य अगदी शुद्ध आहे; ‘मी’ म्हणजे आई हे संदर्भाने कळते, काळ बदलत नाही, ‘उद्या’ तसाच राहतो. इंग्रजी ‘दॅट’ आला की तिन्ही गोष्टी हलतात: ‘मी’ची ‘शी’ होते, क्रियापद एक पाऊल मागे जाते, ‘टुमॉरो’चा ‘द नेक्स्ट डे’ होतो. मुले तिन्ही बदल एकदम करायला जातात आणि एक विसरतात. तीन वेळा तीन रंगांच्या पेनाने एकेक बदल करायचा, ही जुन्या मास्तरांची युक्ती अजूनही तक्त्यांपेक्षा बरी.

आर्टिकलची कथा थोडक्यात: मराठीत ‘एक’ आहे, ‘द’च्या जोडीचा शब्द नाही. वाचन वाढल्याशिवाय ते सुधारत नाही.

शब्दसंग्रहाबाबत दिल्लीत एक खूळ आहे, यादीचे. स्पर्धा परीक्षांच्या गल्ल्यांत नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ (1949) ज्याच्या-त्याच्या हातात दिसते. पुस्तक चांगले आहे. लॅटिन-ग्रीक धातूंवरून शब्द उलगडण्याची त्याची रीत संस्कृत धातूंची ओळख असलेल्याला आवडतेच. पण ते चौथी इयत्ता उलटण्याआधी महाविद्यालयाचे पुस्तक हाती द्यावे तसे वापरले जाते. कमी शब्दांत वाचन कसे सुरू करावे याचा विचार याच उपखंडात झाला होता. मायकेल वेस्ट यांनी ढाक्यात शिकवताना, बंगाली मुलांना इंग्रजी बोलण्याआधी वाचता यावी, या भूमिकेतून वाचनमाला रचल्या. 1926 मध्ये त्यांचा बंगालमधील द्विभाषिकतेवरचा अहवालवजा ग्रंथ निघाला आणि 1953 मध्ये सुमारे 2000 मूळ शब्दांची त्यांची यादी. ही यादी पाठ करण्यासाठी नव्हतीच. सोपी पुस्तके कोणत्या शब्दांत लिहावीत हे ठरवायला ती होती.

वाचन-आकलनाच्या संशोधनात एक अंदाज सर्वत्र वापरला जातो: मदतीशिवाय मजकूर नीट कळायला त्यातले 98 टक्के शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांमागे एक अनोळखी चालतो. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या दहावीच्या पेपरात पहिला उतारा 400 ते 450 शब्दांचा असतो. हिशेब करा: आठनऊ शब्द अडले तरी तो उतारा सुटायला हवा. पानावर वीस शब्दांखाली रेघ मारणाऱ्या मुलाला उत्तरांची युक्ती शिकवून उपयोग नाही, त्याला दोन इयत्ता खालचे पुस्तक वाचायला द्यावे. यात कमीपणा वाटतो तो पालकांना, मुलांना नव्हे.

त्याच पेपरात लेखी 80 गुणांपैकी वाचनाला 20, व्याकरण व लेखनाला 20 आणि पाठ्यपुस्तकातील साहित्याला 40 अशी विभागणी आहे. व्याकरणाचे स्वतंत्र प्रश्न जेमतेम 10 गुणांचे. तरी शिकवणीत बहुतेक वेळ त्यांनाच जातो, कारण ते तपासायला सोपे. अनसीन पॅसेजवर मुले वेळ वाचवण्यासाठी आधी प्रश्न वाचतात. दुसऱ्या, आकडे किंवा आलेख असलेल्या छोट्या उताऱ्याला ते ठीक. पहिल्या, विचारप्रधान उताऱ्यात मात्र लेखकाचा रोख विचारलेला असतो, आणि तो सलग वाचल्याखेरीज हाती लागत नाही. प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला मराठीत चार शब्दांत सार लिहावे. घरची भाषा सरावात परत आणण्याची ही सर्वांत स्वस्त रीत आहे. वर्गात तिला जागा नसली तरी वहीच्या समासात ती कुणी अडवत नाही.

भाषा शिकवण्याच्या संदर्भात आर. के. पुरमचे नाव सरकारी पत्त्यांवर येते ते वेगळ्याच कारणाने. येथील वेस्ट ब्लॉक 7 मध्ये केंद्रीय हिंदी निदेशालय (स्थापना 1960) आणि वैज्ञानिक व तांत्रिक शब्दावली आयोग (1961) यांची कार्यालये. निदेशालय पत्रद्वारे हिंदी शिकवते. देशभरातून इथे हिंदीचे स्वाध्याय येत, आणि शेजारच्या क्वार्टरांत मुले इंग्रजीचे स्वाध्याय सोडवत. सेक्टर 5 मध्ये दिल्ली तमिळ संगम आहे. मराठी शाळा शोधायची तर पहाडगंजला नूतन मराठी विद्यालय गाठावे लागते.

सराव शाळेबरोबर संपत नाही. कर्मचारी निवड आयोगाच्या पदवीस्तरीय परीक्षेच्या पहिल्या टप्प्यात इंग्रजीचे 25 प्रश्न असतात. वसाहतीतले अनेक तरुण त्यासाठी बसतात. संघ लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतील इंग्रजी आकलनाविरुद्ध 2014 मध्ये मुखर्जीनगरात मोठे आंदोलन झाले आणि त्या वर्षी ते गुण गुणवत्तेत धरू नयेत असा निर्णय सरकारने केला. मुख्य परीक्षेतला इंग्रजीचा पेपर कायम आहे: 300 गुण, दहावीची पातळी, 25 टक्क्यांची अट; त्यात निबंध, आकलन, सारांशलेखन, शब्दप्रयोग. त्याच्या जोडीला भारतीय भाषेचा तेवढ्याच गुणांचा पेपर असतो आणि तो मराठीत देता येतो. भाषांतराचा प्रश्न इंग्रजीच्या पेपरात नाही. तो या मराठीच्या पेपरात आहे, दोन्ही बाजूंनी: इंग्रजीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत.