दहा मिनिटांचे मराठी धडे

परतवाड्याहून धारणीकडे जाताना मेळघाटात सिपना नदीच्या काठी सेमाडोह लागते आणि त्याच रस्त्यावर पुढे हरिसाल. २०१६ मध्ये राज्य सरकार आणि मायक्रोसॉफ्टने हरिसालला ‘डिजिटल गाव’ केले, तेव्हा मेळघाटात इंटरनेट पोहोचल्याची बातमी देशभर गाजली. पण संगणक हाती आल्यावर तो चालवायचा कसा, हे कळेल अशा भाषेत लिहून ठेवणाऱ्यांचे काम त्याआधीपासून सुरू होते. त्यांच्याकडे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात चांगल्या माहितीपुस्तिकांची उणीव लवकर जाणवली. १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर करणाऱ्या रिचर्ड स्टॉलमन यांनी ईमॅक्स या मजकूर-संपादक प्रोग्रॅमची माहितीपुस्तिका स्वतः लिहिली. प्रोग्रॅम सर्वांना खुला असला, तरी त्याची पुस्तिका प्रकाशकाच्या हक्कात अडकलेली असेल, तर ती सुधारून वाटता येत नाही, हे त्यांनी आग्रहाने मांडले. त्यातूनच २००० मध्ये पुस्तिकांसाठी वेगळा मुक्त परवाना आला.

महाराष्ट्रात संगणक समजावून सांगणाऱ्या लेखनाला भक्कम रूप दिले ते मुंबईच्या आयआयटीतील प्रा. कन्नन मौद्गल्य यांच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने. केंद्र सरकारच्या शिक्षण मोहिमेचा पैसा, लिनक्स, लिब्रेऑफिस, सायलॅब यांसारखी मुक्त सॉफ्टवेअर आणि सुमारे दहा मिनिटांचे धडे. खरी मेहनत असते ती संहितेत. कागदावर दोन रकाने: एकात पडद्यावर काय दिसेल ते, दुसऱ्यात नेमके काय बोलायचे ते. ध्वनिमुद्रणाआधी ही संहिता एखाद्या नवख्याला देतात. तो प्रत्येक वाक्याबरहुकूम करून बघतो आणि जिथे अडतो तिथे लेखकाला वाक्य बदलावे लागते. तांत्रिक लेखनाची याहून चांगली परीक्षा सापडणे कठीण.

मराठी लेखकाचे काम आणखी अवघड. चित्रफीत मूळ इंग्रजी धड्याचीच राहते आणि फक्त आवाज बदलतो. पडद्यावर बाण ज्या सेकंदाला ‘सेव्ह ॲज’वर पोहोचतो, त्याच सेकंदाला मराठी वाक्यही तिथे पोहोचले पाहिजे. मेनूंची नावे पडद्यावर दिसतात तशीच ठेवायची, भोवतीची भाषा मात्र घरची. असे काम करणाऱ्यांना मराठी गद्याचे लेखक म्हणायला हवे.

हे धडे एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवायही चालतात. मेळघाटासारख्या डोंगराळ भागात, जिथे रेंज येते-जाते, तिथे या सोयीचे मोल मोठे.

सेमाडोह परिसरातल्या कितीतरी मुलांची घरची भाषा कोरकू आहे. मराठी त्यांना शाळेत भेटते. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत कोरकूचे नाव नाही, पण ती देवनागरीत लिहिता येते आणि धड्यांचा मुक्त परवाना त्यांचे कोणत्याही भाषेत रूपांतर करू देतो. मराठी संहिता वेळेच्या नोंदींसह तयार आहे. कोरकू आणि मराठी दोन्ही जाणणाऱ्या माणसाला तिथूनच सुरुवात करता येईल.