नाण्यांची तिर्री : एका टॅरो-पत्त्याच्या अर्थाचा इतिहास

भविष्यकथनाची साधने इतिहासाच्या अभ्यासकांकडून सहसा उपेक्षिली जातात. त्यांतून भविष्य कळते किंवा नाही, हा इतिहासाचा प्रश्न नव्हे. परंतु एखाद्या चिन्हाला विशिष्ट अर्थ केव्हा आणि कोणामुळे प्राप्त झाला, हा मात्र निश्चितपणे इतिहासाचा प्रश्न होय. टॅरो या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 78 पत्त्यांपैकी नाण्यांची तिर्री या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. कुशल कारागिरी आणि परस्परसहकार्य हा तिचा अर्थ आज रूढ असून तो फार पुरातन आहे, अशी समजूतही प्रचलित आहे. ही समजूत पुराव्याच्या कसोटीस उतरत नाही.

टॅरोचा उगम पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तर इटलीत झाला, आणि तो खेळ म्हणून झाला. पेले, नाणी, तलवारी व दंड या चार रंगांच्या पत्त्यांना चित्रांकित हुकमांची जोड देऊन हा खेळ सिद्ध झाला. हे चार रंग मामलूककालीन इजिप्तच्या पत्त्यांवरून युरोपात आले. इस्तंबूल येथील तोपकापी संग्रहालयात जतन केलेल्या मामलूक पत्त्यांवर ‘कांजिफा’ हा शब्द आढळतो. सावंतवाडीच्या गंजिफांशी परिचय असलेल्या मराठी वाचकास या शब्दाचे नाते सांगावयास नको. इटलीतील बहुतेक जुन्या जोडांत नाण्यांच्या तिर्रीवर तीन नाण्यांखेरीज फारसे काही नसे. चौकटच्या तिर्रीला जसा डावातील मूल्यापलीकडे अर्थ नाही, तसाच तो हिलाही नव्हता.

गूढार्थाची परंपरा अठराव्या शतकातील आहे. 1781 साली कूर द जेबलँ या फ्रेंच ग्रंथकाराने टॅरो म्हणजे प्राचीन इजिप्तमधील ज्ञानाचा अवशेष होय, असे प्रतिपादन केले. चित्रलिपीचा उलगडा शांपोल्यॉंने 1822 साली केला. तत्पूर्वी चार दशके मांडलेल्या या मतास कोणताही लेखी आधार असणे शक्यच नव्हते. तथापि ते लोकप्रिय झाले आणि प्रत्येक पत्त्यास भविष्यार्थ जोडण्याचा प्रघात पडला. 1888 साली मॅथर्स याने लंडनमध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत या तिर्रीचा अर्थ कुलीनता, उच्चपद व प्रतिष्ठा असा दिला आहे. त्यात कारागिराचा मागमूसही नाही. ‘गोल्डन डॉन’ या गूढविद्या-मंडळाच्या अंतर्गत शिकवणीत मात्र हा पत्ता ऐहिक कार्य व उभारणी यांच्याशी जोडलेला होता.

या पार्श्वभूमीवर 1909 सालचा रायडर प्रकाशनाचा जोड पाहावयास हवा. त्याची योजना आर्थर एडवर्ड वेट याची, आणि चित्रे पामेला कोलमन स्मिथ हिची. दोघेही त्या मंडळाचे सदस्य होते. अंकांच्या पत्त्यांवरही प्रसंगचित्रे असावीत, हे या जोडाचे वैशिष्ट्य. अशी चित्रे सुमारे 1491 च्या सोला बुस्का जोडात होती, व त्याची छायाचित्रे 1907 साली ब्रिटिश म्युझियममध्ये आली होती. स्मिथच्या काही चित्रांचे त्यांच्याशी असलेले साम्य योगायोगाने घडलेले म्हणता येत नाही.

तिर्रीच्या चित्रात मठाच्या कमानीखाली एक पाथरवट बाकावर उभा राहून काम करीत आहे. त्याच्यासमोर एक मुंडित मठवासी, आणि त्याच्याजवळ टोपीवजा झगा पांघरलेली दुसरी व्यक्ती बांधकामाचा आराखडा धरून उभी आहे. तीन चकत्या कमानीतच कोरलेल्या आहेत. बाकामुळे कारागीर इतर दोघांहून उंचावर आहे, हेही ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता वेटचे 1911 सालचे विवरण या चित्राशेजारी ठेवून वाचावे. त्यात मठात काम करणाऱ्या एका शिल्पकाराचा उल्लेख आहे. अठ्ठीतील उमेदवार येथे पूर्ण कारागीर झाला, असेही सुचविले आहे. पुढे धंदा आणि कुशल श्रम हे अर्थ देऊन, प्रचलित समजुतीप्रमाणे कुलीनता व कीर्ती हेही नोंदविले आहेत. उरलेल्या दोन व्यक्तींविषयी विवरण मौन पाळते. सहकार्य हा शब्द त्यात नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झालेला तो अर्थ ग्रंथातून निघालेला नसून चित्रातून निघालेला आहे. उभारणीची कल्पना मंडळाची असेल. परंतु उभारणीस तीन माणसे लागतात, हे सांगितले ते चित्राने.

अर्थात हे चित्र मध्ययुगाचे यथातथ्य दर्शन नव्हे. मिलानच्या प्रधान मंदिराचे बांधकाम 1386 साली सुरू झाले. तेथे पॅरिसहून आलेल्या झाँ मिन्यो याने स्थानिक कारागिरांच्या कामातील दोष दाखविले, तेव्हा 1400 साली शास्त्र श्रेष्ठ की हस्तकौशल्य, यावर कडाक्याचा वाद झाला आणि पुढील वर्षी मिन्योस जावे लागले. आराखडा, द्रव्य आणि हात यांचा मेळ सहजसिद्ध नव्हता. तो वादातूनच साधावा लागे.

या जोडाच्या निर्मितीतही तो मेळ पूर्णपणे साधला नाही. नोव्हेंबर 1909 मध्ये आल्फ्रेड स्टीग्लिट्झ यास लिहिलेल्या पत्रात, मोठे काम अत्यल्प मोबदल्यात पुरे केल्याचे स्मिथने कळविले आहे. वेटने 1938 च्या आत्मचरित्रात काही प्रमुख हुकमांची चित्रे तिच्याकडून आपल्या सूचनांनुसार करवून घ्यावी लागली, असा सूर लावला. अंकांच्या पत्त्यांविषयी त्याने तसा दावा केलेला नाही. ती बव्हंशी तिच्याच कल्पनेने झाली, असे अनुमान अभ्यासक यावरून काढतात. तरीही हा जोड दीर्घकाळ प्रकाशक आणि योजक यांच्याच नावांनी ओळखला गेला. स्मिथ 1951 साली कॉर्नवॉलमधील ब्यूड येथे विपन्नावस्थेत निवर्तली. तिचे नाव जोडाच्या नावात घेण्याची प्रथा त्यानंतर पुष्कळ काळाने पडली.

तात्पर्य, चित्राचा अर्थ त्याच्या अधिकृत विवरणापुरता मर्यादित मानला, तर ज्याच्या हातून तो अर्थ घडला तोच इतिहासातून गळतो. लेखी साधनांना स्वभावतःच अग्रक्रम देणाऱ्या संशोधकाने हा धोका ओळखला पाहिजे. स्मिथने आपल्या चित्रांवर स्वतःची लहानशी नाममुद्रा रेखाटली होती. तो पुरावा प्रारंभापासून सर्वांच्या दृष्टीसमोर होता; वाचला गेला नाही, इतकेच.