पेठ गावचा जवान

दिवाळीत वा मे महिन्यात बंगळूरहून पुण्याकडे जाणारी आमची कुटुंबे ज्या महामार्गाने जातात, त्यावर कोल्हापूर मागे पडले आणि कऱ्हाड यावयाचे राहिले की पेठ नाका लागतो. येथून एक रस्ता इस्लामपुराकडे वळतो. वर्षानुवर्षे आम्ही या नाक्यावरून गेलो; पण आपण कोणाच्या गावावरून जात आहोत हे आम्हांला माहीत नव्हते. 2024 साली ‘चंदू चॅम्पियन’ हा हिंदी चित्रपट पाहून आलेल्या आमच्या नातवंडांनी जेव्हा “आजोबा, मुरलीकांत पेटकर तुम्हांला ठाऊक होते का?” असे विचारले, तेव्हा आम्हां वडीलधाऱ्यांना मान खाली घालावी लागली. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत हा लेख त्याच संकोचापोटी येत आहे.

तसे पाहता मारतहळ्ळीतील मराठी माणसाला सैनिकाची ओळख नवी नाही. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1940 साली बंगळुरात विमानांचा कारखाना काढला, तेव्हापासून या रस्त्याने मराठी मंडळी येत राहिली. वायुदलाचे कमांड रुग्णालय याच रस्त्यावर. पेटकर ज्या ई.एम.ई. दलात होते, त्याची मोठी कार्यशाळाही हलसूरला आहे. (मारतहळ्ळी हे नाव मराठ्यांवरून पडले की ‘मारुत’ विमानावरून की आणखी कशावरून, हा वाद आमच्या कोजागिरीच्या बैठकीत दरवर्षी रंगतो, तो येथे नको.)

मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म 1944 सालचा. वाळवे तालुक्याच्या या मुलखात कुस्तीचे वेड पिढीजात. हेलसिंकीच्या 1952 सालच्या ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, म्हणजे तसे शेजारचेच. पेटकरही लहानपणी तालमीतच रमले. पुढे ते सैन्यात शिरले आणि सिकंदराबादेस ई.एम.ई. दलात मुष्टियोद्धा म्हणून नावारूपास आले.

1965 च्या सप्टेंबरात युद्ध पेटले. सियालकोट आघाडीवर पूना हॉर्सचे लेफ्टनंट कर्नल तारापोर धारातीर्थी पडले, हे आमच्या पिढीला पाठ आहे. त्याच युद्धात पेटकरांच्या देहात गोळ्या घुसल्या. अनेक गोळ्यांपैकी एक पाठीच्या कण्याशी कायमची राहिली आणि कमरेखालचे बळ गेले. ते कित्येक महिने शुद्धीवर नव्हते, असे त्यांच्याविषयीच्या लेखांतून वाचावयास मिळते. ज्याच्या पायांच्या चपळाईवर रिंगणातले सारे अवलंबून, त्याच्या वाट्यास रुग्णालयातील खाट आली.

कण्याला इजा झालेल्या सैनिकाचे पूर्वी काय होई, हे येथे सांगावयास हवे. दुसऱ्या महायुद्धापर्यंत असे रुग्ण बहुधा थोड्याच काळात दगावत. मूळ जखमेपेक्षा अंथरुणातील व्रणांनी आणि मूत्रमार्गाच्या दोषांनी. नाझी राजवटीमुळे 1939 साली जर्मनी सोडावी लागलेले डॉक्टर लुडविग गुटमन यांनी 1944 साली इंग्लंडात स्टोक मँडव्हिल येथे असा विभाग उघडला. रुग्णाची कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा, बदलावयाची हा त्यांचा पहिला नियम. त्याला खेळावयास लावावयाचे हा दुसरा. 1948 साली लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनाच्याच दिवशी त्यांनी 16 अपंग सैनिक-सैनिकांगनांची तिरंदाजीची स्पर्धा भरविली.

ती दोन तासांची कूस आम्ही जवळून पाहिली आहे. आमच्याच मंडळाचे एक सभासद, 1971 च्या युद्धाच्या वेळी वायुदलाच्या सेवेत असलेले, उतारवयात पक्षाघाताने नऊ वर्षे अंथरुणावर होते. वहिनींनी उशाशी गजराचे घड्याळ आणि एक वही ठेवली होती; अकरा, एक, तीन, पाच, अशा वेळा तीत मांडलेल्या. पहिल्या वर्षी आम्ही आळीपाळीने रात्री जात असू. पुढे पुढे जाणे विरळ झाले, आणि वही मात्र चालू राहिली. नाटकाच्या तालमींत वहिनी का येत नाहीत, असेही आमच्यातील कोणी विचारल्याचे आठवते. आज ते आठवले की लाज वाटते.

पेटकरांना उपचारांचाच भाग म्हणून पोहण्यास सांगण्यात आले आणि पाण्यात त्यांना पुन्हा मैदान सापडले. तेल अवीवच्या 1968 सालच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. भारताने त्या स्पर्धेत भाग घेण्याची ती पहिलीच वेळ. एडिंबरोला 1970 साली राष्ट्रकुलातील अपंगांच्या स्पर्धेत पोहण्याचे सुवर्णपदक मिळाले. परदेशवारीच्या खर्चासाठी क्रिकेटपटू विजय मर्चंट यांच्या संस्थेने हात दिला. मर्चंटांची फलंदाजी आम्ही तोंडभर वाखाणली. त्यांचे हे काम आमच्या कानी आलेच नव्हते.

मग 1972 चा ऑगस्ट. म्यूनिकचे क्रीडाग्राम निवासासाठी पुढे विकावयाचे असल्याने अपंगांचे सामने हायडेलबर्गला भरले. तेथे पेटकरांनी 50 मीटर मुक्त शैलीचे अंतर 37.33 सेकंदांत कापून विश्वविक्रमासह सुवर्णपदक जिंकले. ऑलिंपिक वा पॅरालिंपिक, कोणत्याही मेळ्यात भारतीयाने एकट्याच्या बळावर मिळविलेले हे पहिले सुवर्ण. अभिनव बिंद्रांचे सुवर्ण त्यानंतर 36 वर्षांनी आले. त्याच मेळ्यात भालाफेक आणि स्लालमच्या अंतिम फेऱ्यांतही ते होते.

त्या वर्षी आम्ही काय करीत होतो? महाराष्ट्रातील दुष्काळाच्या वार्ता पत्रांतून येत होत्या. सप्टेंबरात म्यूनिकला इस्राएली खेळाडूंची हत्या झाली, हॉकीत आपल्याला कांस्यावर समाधान मानावे लागले, आणि त्यावर आम्ही पुष्कळ हळहळलो. हायडेलबर्ग कोणाच्या ओठी नव्हते. नंतरच्या दोन पॅरालिंपिकांत तर भारत उतरलाच नाही. 1984 साली पुन्हा उतरला, तेव्हा भीमराव केसरकरांनी भालाफेकीत रौप्य मिळविले.

पेटकरांनी पुण्यात टेल्कोमध्ये नोकरी केली आणि संसार केला. 1974 साली पुण्याजवळ खडकीस कण्याला इजा झालेल्या जवानांसाठी पुनर्वसन केंद्र निघाले. तेथे आजही चाकाच्या खुर्चीत बसून खेळणारे जवान भेटतात. पेटकरांना 2018 साली पद्मश्री मिळाली. अर्जुन पुरस्कार मिळावयास 17 जानेवारी 2025 उजाडावा लागला. तेव्हा हायडेलबर्गला 52 वर्षे होऊन गेली होती आणि पेटकर ऐंशीचे होते. राष्ट्रपती भवनात कुबड्यांच्या आधाराने ते पुढे आले, तेव्हा सभागृहाने टाळ्यांचा गजर केला.

ते दृश्य आम्ही दूरचित्रवाणीवर पाहिले. त्या संध्याकाळी आमच्यापैकी दोघे वहिनींकडे जाऊन आलो. त्यांनी चहा केला, आणि आम्ही विचारल्यावर कपाटातून ती वही काढून दाखविली. शेवटच्या पानावर पहाटे तीनपर्यंतच्या वेळा आहेत.